यादवीच्या काळातले इंग्रजी साहित्य : रंगमंचाकडून छापील पानाकडे

इंग्रजी साहित्याच्या इतिहासात १६४२ ते १६६० ही अठरा वर्षे बहुधा एक रिकामी जागा म्हणून ओलांडली जातात. अलीकडे शेक्सपिअर आणि बेन जॉन्सन यांची रंगभूमी असते, पलीकडे राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतरचे ड्रायडनचे युग असते, आणि मध्ये प्युरिटनांनी नाटकगृहांना टाळे ठोकल्याचा एखाद-दुसऱ्या वाक्यातला उल्लेख असतो. हे चित्र अपुरे तर आहेच, पण त्यामुळे या काळाने घडवून आणलेला मोठा पालट नजरेआड होतो. राजदरबार आणि रंगमंच हे साहित्याचे दोन जुने आधार याच काळात एकदम कोसळले, लेखकाला छापील पानाचा आश्रय घ्यावा लागला आणि ज्याचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नव्हता असा अनोळखी वाचक त्याचा खरा न्यायाधीश झाला. पुढच्या पिढ्यांतील इंग्रजी गद्य, महाकाव्य आणि कादंबरी यांची मुळे या पालटात आहेत.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये शिल्लक राहिलेली रोमन कॅथलिक परंपरेची चिन्हे, म्हणजे बिशपांची अधिकारश्रेणी, वेदीभोवतीचे विधी आणि बायबलचा आधार नसलेले सणवार, काढून टाकली पाहिजेत असा आग्रह धरणाऱ्या प्रोटेस्टंटांना प्युरिटन म्हटले जाई. ते सगळे एका मताचे नव्हते, पण प्रत्येक श्रद्धावंताने बायबल स्वतः वाचावे आणि त्याच्या प्रकाशात स्वतःच्या अंतःकरणाची रोज झडती घ्यावी ही शिस्त त्यांच्यात समान होती. पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून अकरा वर्षे पार्लमेंटविना राज्य केल्यावर कर, धर्म आणि राजाचे विशेषाधिकार यांवरचा वाद १६४२ मध्ये रणांगणावर गेला. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आले, १६५३ पासून ऑलिव्हर क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ या पदावरून राज्य करू लागला आणि त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत, १६६० मध्ये, दुसरा चार्ल्स गादीवर परतला.

नाटकाविषयीचा प्युरिटनांचा रोष जुना होता. विल्यम प्रिन या वकिलाने १६३३ मध्ये रंगभूमीविरुद्ध हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात राणीचा अपमान झाल्याचे ठरवून त्याचे कान कापण्यात आले. तरीही सप्टेंबर १६४२ मधील पार्लमेंटचा बंदीहुकूम केवळ या रोषातून निघाला असे म्हणता येत नाही, कारण राष्ट्रावर संकट आले असताना उपवास आणि प्रार्थना योग्य, करमणूक अयोग्य, अशी त्याची भूमिका होती आणि ती संकटकाळापुरती मांडलेली होती. खरी कठोरता १६४८ च्या हुकुमात दिसते, ज्याने नाटकगृहांतील रंगमंच व प्रेक्षकांच्या बैठका मोडून टाकण्यास, नटांना फटके मारण्यास आणि प्रेक्षकांकडून पाच शिलिंग दंड घेण्यास सांगितले. जे प्रयोगातून ऐकले जात होते ते आता वाचावे लागले. हम्फ्री मोझली या राजनिष्ठ प्रकाशकाने १६४७ मध्ये बोमंट आणि फ्लेचर यांच्या नावाने मोठा नाट्यसंग्रह काढला, त्यातील बहुतेक नाटके त्याआधी कधी छापलेलीच नव्हती. नाटक हे एकट्याने बसून वाचण्याचे साहित्य आहे ही कल्पना अशा ग्रंथांनी रुजवली. विल्यम डॅव्हनंटने तर १६५६ मध्ये, संगीताच्या आडोशाने बंदी चुकवून, ‘द सीज ऑफ ऱ्होड्स’ हा प्रयोग लंडनच्या रटलंड हाउसमध्ये केला. सरकते नेपथ्य आणि स्त्री गायिकेचा रंगमंचावरील वावर या ज्या गोष्टी राजाच्या पुनरागमनानंतरच्या रंगभूमीची ओळख मानल्या जातात, त्या प्युरिटन राजवटीतच अशा रीतीने अवतरल्या होत्या.

मुद्रणाच्या क्षेत्रात याच्या नेमके उलट घडले. राजाच्या विशेषाधिकारावर चालणारे आणि छापखान्यांवर करडी नजर ठेवणारे ‘स्टार चेंबर’ हे न्यायालय पार्लमेंटने १६४१ मध्ये रद्द केले, आणि दडपलेला शब्द एकाएकी मोकळा झाला. जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात रस्त्यावर विकली जाणारी पत्रके, प्रवचने आणि वार्तापुस्तिका जमवल्या, त्यांची संख्या सुमारे बावीस हजार भरते. समान राजकीय हक्क मागणारे लेव्हलर, पडीक जमीन सामायिकपणे कसू पाहणाऱ्या डिगरांचा नेता जेरार्ड विन्स्टन्ली, ईश्वरी संदेश सांगणारी ॲना ट्रॅपनेल, या सर्वांचे शब्द छापले गेले, आणि विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी राज्य व धर्म या विषयांवर जाहीर वाद घातला. लॅटिन वळणाची लांबलचक वाक्ये बाजारातल्या वाचकाला पटवू शकत नव्हती, म्हणून थेट आणि बोलीजवळचे गद्य हे या वादाचे शस्त्र बनले.

ही मोकळीक पार्लमेंटलाही फार काळ पचली नाही. जून १६४३ मध्ये मुद्रणपूर्व परवान्याची, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासून घेण्याची, सक्ती पुन्हा आली. स्वतः पार्लमेंटचा समर्थक असलेल्या जॉन मिल्टनने नोव्हेंबर १६४४ मध्ये ‘ॲरिओपजिटिका’ ही पुस्तिका परवाना न घेताच छापून तिला उत्तर दिले. सत्याला असत्याशी झुंजू द्यावे आणि वाचकाच्या विवेकावर विश्वास ठेवावा, हा तिचा गाभा आहे. मिल्टनचे हे औदार्य कॅथलिकांपर्यंत पोहोचत नव्हते, आणि १६५१ मध्ये त्याने सरकारी वार्तापत्राचा परवाना-अधिकारी म्हणून कामही केले. या मर्यादा मान्य करूनही त्या पुस्तिकेचे मोल उणावत नाही, कारण तिने वाचणे या क्रियेलाच नैतिक कर्तृत्वाचा दर्जा दिला.

वाचकाचे मन जिंकण्यात राजपक्षही मागे नव्हता. वधानंतर काही दिवसांतच राजाच्या नावाने ‘आयकॉन बॅसिलिकी’ हे प्रार्थना आणि आत्मनिवेदनांचे पुस्तक बाजारात आले आणि एका वर्षात त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. सरकारच्या वतीने मिल्टनने त्याचे खंडन लिहिले, पण हुतात्मा राजाची प्रतिमा त्याच्या तर्काला पुरून उरली.

कवितेत यादवीचे पडसाद अधिक सूक्ष्म आहेत. डेव्हनमधील धर्मोपदेशक रॉबर्ट हेरिक याने १६४८ मध्ये ‘हेस्परिडीज’ हा हजारावर कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला राजनिष्ठेपायी आपल्या पदावरून दूर होऊन वर्ष झाले होते. मे महिन्याचे उत्सव, सुगीच्या मिरवणुका, नाताळची गाणी यांनी भरलेला हा संग्रह वरवर निरागस वाटतो, परंतु पार्लमेंटने १६४४ मध्ये मे महिन्याचे उत्सवस्तंभ आणि १६४७ मध्ये नाताळ व ईस्टर हे सणच निषिद्ध ठरवले होते, हे ध्यानात घेतले की त्यातली प्रत्येक फुलमाळ राजकीय विधान ठरते. ॲन्ड्रू मार्व्हेलची १६५० मधील क्रॉमवेलवरील ओड, म्हणजे प्राचीन रोमन कवी होरेसच्या धर्तीवरचे गंभीर स्तुतिकाव्य, ही या साऱ्या काळातील सर्वांत प्रौढ राजकीय कविता म्हटली पाहिजे. आयर्लंड जिंकून परतलेल्या सेनापतीची दुर्निवार शक्ती ती ओळखते, आणि त्याच ओघात वधस्तंभावर धीराने उभ्या राहिलेल्या राजाला निर्मळ मान देते. इतिहासाची अटळता आणि पराभूताची प्रतिष्ठा या दोन्ही एका रचनेत सांभाळणे दोन्ही पक्षांतल्या प्रचारकांना जमले नसते. मार्व्हेलच्या मृत्यूनंतर १६८१ मध्ये निघालेल्या संग्रहाच्या जवळजवळ सर्व प्रतींतून ही कविता काढून टाकली गेली, यावरून तिची धग किती टिकून होती ते कळते.

१६६० मध्ये मिल्टनचे सर्वस्व हरपले. प्रजासत्ताकाच्या परराष्ट्र पत्रव्यवहाराचा चिटणीस म्हणून काम करताना १६५२ पर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. आता त्याची पुस्तके सरकारी आज्ञेने जाळली गेली, काही काळ कैदही भोगावी लागली. या पराभवाच्या छायेत, दुसऱ्यांकडून लिहवून घेत, त्याने ‘पॅराडाइज लॉस्ट’ पूर्ण केले. १६६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या महाकाव्यासाठी प्रकाशकाने त्याला सुरुवातीला पाच पौंड दिले. राजाविरुद्धच्या बंडाचे समर्थन करणाऱ्या कवीने देवाविरुद्ध बंड करणाऱ्या सैतानाच्या तोंडी स्वातंत्र्याची इतकी प्रभावी भाषणे का घातली, हा प्रश्न तीन शतके चर्चिला गेला आहे. त्याचे उत्तर बहुधा यादवीच्या अनुभवातच आहे : स्वातंत्र्याची भाषा बोलणारे सत्ता हाती येताच काय करतात हे मिल्टनने जवळून पाहिले होते. राजसत्तेविषयीचे त्याचे मत मात्र ढळले नव्हते, कारण शेवटच्या सर्गात पहिल्या जुलमी राजाची कथा ऐकताच ॲडम माणसावर माणसाने गाजवलेल्या स्वामित्वाचा धिक्कार करतो. यमकाविना लिहिण्याचे कारण देतानाही यमकाच्या दास्यातून काव्याला मुक्त केल्याचे मिल्टन सांगतो. मराठी वाचकाला आणखी एक तपशील जवळचा वाटेल : पापानंतर ॲडम आणि ईव्ह ज्या वृक्षाच्या पानांनी अंग झाकतात, तो मलबार आणि दख्खन येथे वाढणारा, पारंब्यांचा वटवृक्ष असल्याचे नवव्या सर्गात म्हटले आहे, प्रवासवर्णने वाचून रचलेल्या या वर्णनात वडाची पाने मात्र ढालीएवढी रुंद झाली आहेत. १६७१ मध्ये आलेली ‘सॅमसन ॲगोनिस्टीज’ ही शोकांतिका रंगमंचासाठी नाही, असे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट केले; नाटकगृहे तोवर उघडून अकरा वर्षे होत आली होती, तरी त्याचा भरवसा वाचकावरच होता.

पराभवाचा दुसरा वारस जॉन बन्यन याच्यापाशी मिल्टनची विद्वत्ता नव्हती. बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी फुटकी भांडी सांधून देणाऱ्याच्या घरी तो जन्मला, कोवळ्या वयात पार्लमेंटच्या सैन्यात राहिला आणि पुढे परवानगीविना प्रवचने केल्याबद्दल १६६० पासून सुमारे बारा वर्षे तुरुंगात राहिला. तेथेच प्युरिटनांची आत्मपरीक्षणाची शिस्त साहित्यात उतरली, प्रथम १६६६ च्या आध्यात्मिक आत्मचरित्रात आणि मग १६७८ च्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेत, जिच्यात मोक्षाच्या वाटेवरचा प्रत्येक गुण आणि दुर्गुण गावच्या रस्त्यावर भेटणाऱ्या माणसासारखा बोलतो. बायबलच्या इंग्रजी भाषांतराची लय आणि बेडफर्डशरची बोली यांच्या मिलाफातून घडलेले हे गद्य स्वयंपाकघरांत आणि कारखान्यांत वाचले गेले. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये त्याचे ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी भाषांतर केले. मराठी कादंबरीची पूर्वपीठिका मांडणाऱ्यांना, बाबा पदमनजींच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’कडे वळण्यापूर्वी, या भाषांतराची दखल घ्यावी लागते.