तुरटीचा खडा



चिखलोलीच्या आमच्या घराला मागच्या बाजूला पडवी आहे आणि पडवीच्या भिंतीत एक कोनाडा. त्यात दाढीचे सामान असते. आरसा, ब्रश, स्टीलची वाटी आणि एका जुन्या डब्याच्या झाकणात ठेवलेला तुरटीचा खडा. आरसा आजवर दोनदा बदलला, ब्रश किती झिजले त्याचा हिशेब नाही. खडा मात्र बाबांच्या वेळचाच आहे. अंबरनाथच्या बाजारातून त्यांनी तो आणला तेव्हा मुठीत मावत नव्हता. तोंडावर फिरून फिरून आता साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा उरला आहे.

मागच्या दिवाळीत मुलाने मला दाढीनंतर लावायच्या सुवासिक पाण्याची बाटली आणून दिली. मुलाचे प्रेम म्हणून चार दिवस लावली, मग कोनाड्यात मागे सरकवली. वास चांगला होता, पण हात आपसूक झाकणाकडेच जाई.

बाबा माळकरी. त्यांच्या दाढीलाही नेम होता. एकादशीला पाते लावायचे नाही, ते काम दशमीला उरकायचे. दाढी झाली की तोंड गार पाण्याने धुवायचे, खडा पाण्यात बुडवायचा आणि गालांवरून, हनुवटीखालून, गळ्यापर्यंत हलक्या हाताने फिरवायचा. घासायचा नाही. मिनिटभर थांबायचे, तोवर ओठांत हरिनाम. मग पुन्हा पाण्याने धुऊन टॉवेलने टिपून घ्यायचे, कारण तुरटी तशीच राहिली तर कातडी कोरडी पडते. थंडीच्या दिवसांत वर खोबरेल तेलाचे एक बोट. शेवटी खडा कोरडा पुसून झाकणात. ओला ठेवला तर विरघळून वाया जातो, हे ते मला दहा वेळा सांगत. त्यानंतर आंघोळ, गोपीचंदन, बुक्का.

लहानपणी मला वाटायचे, ही सगळी जुनी सवय. पुढे शाळेत शिकलो तेव्हा त्यामागचे कारण कळले. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंचा मिळून झालेला क्षार, त्यात पाणीही बांधलेले असते. म्हणून तव्यावर टाकली की ती आधी वितळते आणि मग लाहीसारखी फुलते. आयुर्वेदात तिला स्फटिका म्हणतात. पात्याने कातडीवर बारीक ओरखडे उठतात, कुठे रक्ताचा थेंब येतो. तुरटी लागली की तिथली प्रथिने गोठतात, कातडी आवळते आणि रक्त थांबते. जंतूंनाही थोडा आळा बसतो. पण हे होताना ती झोंबते. जिथे कापले असेल तिथे जास्त झोंबते, जिथे नाही तिथे नुसता गारवा. म्हणून पात्याने कुठे चूक केली ते आरशापेक्षा आधी तुरटी सांगते.

या खड्याचे दुसरे काम मला आजीने दाखवले. आमच्या गावाच्या नावातच चिखल. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ व्हायचे. आता चिखलोली धरणाचे पाणी शुद्ध होऊन अंबरनाथ शहराला जाते, नळ आले, पण तेव्हा विहिरीवाचून इलाज नव्हता. आजी घागर भरून आणायची, तुरटीचा खडा पाण्यात चार-सहा वेळा फिरवायची आणि वर फडके टाकून घागर कोपऱ्यात ठेवायची. सकाळी वरचे पाणी नितळ आणि तळाला लाल गाळ. मातीचे सूक्ष्म कण एकाच प्रकारच्या विद्युतभाराचे असतात, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि खाली बसत नाहीत. तुरटी त्यांचा भार उतरवते. मग ते एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळाला जातात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतही हीच युक्ती वापरतात. आजीला यातले काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की घागर हलवायची नाही. आम्ही पोरे घाईने तांब्या बुडवायचो आणि सगळे पाणी पुन्हा गढूळ. मग तिचा धपाटा मिळे. नितळलेले पाणीही ती अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून उकळायची, कारण गाळ बसला म्हणजे पाण्यातले सगळे जंतू गेले असे होत नाही.

दाढीच्या सामानाकडे पाहिले की वारकऱ्याला सेना महाराज आठवल्यावाचून राहत नाहीत. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी आपण करतो. राजाकडून बोलावणे आले तेव्हा सेना महाराज पूजेत होते, म्हणून देवच धोकटी घेऊन राजाची हजामत करायला गेला, ही कथा कीर्तनात आपण ऐकतो. त्यांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहे. त्यांनी आपला धंदा सोडून परमार्थ शोधला नाही. धोकटीतल्या हत्यारांतूनच त्यांनी अभंगाची रूपके घेतली.

त्या कथेतला राजा मला एकदा वारीत आठवला. माउलींच्या पालखीबरोबर चालत होतो. नीरेत माउलींच्या पादुकांचे स्नान झाले, सोहळा लोणंदला पोचला. तिथे रस्त्याकडेला नाभिक बंधूंनी वारकऱ्यांसाठी मोफत दाढीची सेवा मांडली होती. खुर्ची म्हणजे उलटा ठेवलेला क्रेट. मी रांगेत उभा होतो. पुढच्या म्हाताऱ्या बुवांच्या गालाला सुरकुतीपाशी जरासे कापले. रक्त आले. मला वाटले, आता समोरचा मोठा खडा उचलून लावतील. पण त्या माउलींनी फडक्यात गुंडाळून ठेवलेला खडा घेतला, दगडाने फोडला आणि बोराएवढा एक तुकडा बुवांच्या हातावर ठेवला. "तुमचा तुम्ही लावा, आणि पिशवीत ठेवून द्या. एकाच्या रक्ताला लागलेला दुसऱ्याला नको," ते म्हणाले. प्रत्येकाला नवे पाते, प्रत्येकाला वेगळा तुकडा. रक्तातून पसरणारे कावीळीसारखे आजार ध्यानात घेतले तर हे किती योग्य, हे वेगळे सांगायला नको. दाढी झाल्यावर बुवा उठले आणि त्या नाभिक बंधूंच्या पाया पडले. तेही बुवांच्या पाया पडले. मग मीही पडलो. वारीत दिवसाला अशा किती अनोळखी पायांना हात लागतो, ते कोण मोजतो?

आता मूळ गोष्ट सांगतो, माउली. सांगताना अजूनही जड जाते.

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोलीला रेल्वेचे नवे स्थानक होणार असे ठरले आणि आमच्याकडे जमिनीची बोलणी सुरू झाली. आमची थोडीच जागा, दोघे भाऊ. धाकटा बदलापूरला राहायला गेलेला. वाटणीवरून शब्दाला शब्द वाढला. एका लग्नात, चार पाहुण्यांसमोर, मी त्याला म्हणालो, "बाबांची माती मी सांभाळली. तुला फक्त तिचा भाव कळतो." तो काही बोलला नाही. ताटावरून उठून गेला. त्यानंतर दोन वर्षे आमचे बोलणे नव्हते. तो बाबांना भेटायला यायचा तेही मी कामावर असताना. त्या दोन वर्षांत मी दोन्ही वाऱ्या केल्या, हरिपाठ एक दिवस चुकवला नाही, आणि मनात म्हणत राहिलो की मी बोललो ते खरेच होते.

दुसऱ्या वर्षी वारीहून परतलो आणि बाबांनी अंथरूण धरले. हात थरथरत, पाते धरवत नसे. एक दिवसाआड मी त्यांची दाढी करू लागलो. दुसऱ्याची दाढी करणे सोपे नाही. हाडे वर आलेला चेहरा, सैल कातडी. एका दशमीला हनुवटीखाली माझ्या हातून कापले. मी घाबरून खडा ओला केला आणि लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"झोंबलं का बाबा?"

"झोंबू दे. त्याशिवाय रगत थांबत नाय."

मी खडा धरून बसलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझ्या एवढ्याशा कापल्याला धावलास. धाकट्याला कापलंस त्याला दोन वर्षं झाली. तिथं काय लावलंस?"

मला उत्तर सुचेना. मी म्हणालो, "बाबा, मी खोटं नव्हतो बोललो."

"पातं पण खोटं नसतं रे. वारीत किती जणांच्या पाया पडलास?"

एवढेच बोलले. मी त्यांचे तोंड पुसले, खडा पुसून झाकणात ठेवला आणि मागच्या दारी जाऊन बसलो. वारीत मान सहज वाकते, कारण तिथे समोरच्याशी आपला सात-बारा नसतो. जिथे सात-बारा असतो तिथे वाकली तर ती वारी, हे मला त्या दिवशी कळले. आणि आजीची घागर आठवली. दोन वर्षे मी रोज नामाची तुरटी फिरवत होतो आणि रोजच तांब्या बुडवून घागर ढवळत होतो. गाळ बसणार कसा?

दुसऱ्या दिवशी एकादशी. उपवासाच्या पोटी बदलापूरला गेलो. दार धाकट्यानेच उघडले. वाटेत ठरवलेले एकही वाक्य आठवले नाही. मी मोठा, तरी वाकून त्याच्या पायाला हात लावला. तो मागे सरकला. "दादा, हे काय!" मी म्हणालो, "त्या दिवशी चार माणसांत बोललो, ते चुकलं. आज तुझ्या घरात सांगतोय, पुढं चार माणसांतही सांगेन." फार झोंबले ते. साठीच्या माणसाला झोंबावे तेवढे. त्याने चहा विचारला. जमिनीचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. तासभर बसलो, बोलणे मोजकेच झाले.

द्वादशीला सकाळी तो बाबांपाशी हजर. कोनाड्यातले सामान काढले आणि मला म्हणाला, "आज मी करतो." बाबांनी गाल पुढे केला. दाढी झाल्यावर त्याने खडा फिरवला तेव्हा बाबा हसले, कारण त्या दिवशी कुठेच झोंबले नाही.

त्या कार्तिकात बाबा गेले. वाटणी पुढे झाली, पुरती माझ्या मनासारखी नाही आणि पुरती त्याच्याही मनासारखी नाही. अजून एखाद्या कागदावरून आमचा आवाज चढतो. पण चढला की दोघांपैकी एक जण गप्प होतो आणि घागर हलू देत नाही.

दिवस झाल्यावर धाकटा म्हणाला, "बाबांचं काहीतरी मला दे." मी लोणंदच्या त्या माउलींसारखा खडा फडक्यात घेतला आणि दगडाने हलकेच फोडला. एक तुकडा त्याच्या कोनाड्यात गेला, एक माझ्या. रोज सकाळी गालावर फिरवतो आणि कुठे झोंबते ते पाहतो.

रामकृष्णहरी.