आठ किलोचा मोह

लखनौमध्ये ट्रॅकसाठी गाडी तयार करून घ्यायला जे येतात, त्यांना बहुधा ‘आठ किलोची’ स्प्रिंग हवी असते. म्हणजे एक मिलिमीटर दबायला आठ किलो भार लागणारी. मी आधी विचारतो, सर्किटवर गाडी ट्रकवर लादून नेणार की चालवत? बहुतेक चालवतच नेतात. आग्रा-लखनौ एक्स्प्रेसवेचे ३०२ किलोमीटर, पुढे यमुना एक्स्प्रेसवे, मग ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. तिथली एक फेरी पाच किलोमीटरहून थोडीच जास्त. आणि त्याच गाडीने रोज गल्लीबोळांतून ऑफिसही गाठायचं असतं.

मग कागद घेतो. पुढच्या एका चाकावर ३०० किलो. त्यातले चाक, ब्रेक वगैरेंचे ३५ वजा केले की स्प्रिंगवर उरतात २६५. कंपनीच्या मऊ स्प्रिंगवर ही गाडी सेकंदाला साधारण सव्वा वेळा वर-खाली होते. हा वेग दुप्पट करायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागते. आठ किलोची घातली तर, चाकापाशी तिचा कडकपणा थोडा कमी भरतो हे धरून, तो २.६ होतो. पण तेव्हा उभ्या गाडीच्या वजनाने चाकापाशी स्प्रिंग जेमतेम ३७ मिलिमीटर दबलेली असते. त्याहून खोल खड्ड्यात चाकाला खाली रेटायला स्प्रिंगमध्ये जोरच उरत नाही. टायर हवेत, आणि हवेत कसली पकड! चार किलोच्या आसपास राहिलो तर चाकाला खाली जायला दुप्पट जागा मिळते.

म्हणून माझा नियम: स्प्रिंग वाटेतल्या सर्वांत वाईट रस्त्यासाठी निवडायची आणि वळणावरचं झुकणं अँटी-रोल बारने आवरायचं. फेरीला थोडा वेळ जास्त लागेल, हे आधीच सांगतो. स्प्रिंग बदलली की शॉकअपही तिच्या जोडीचा हवा. जुना शॉकअप कडक स्प्रिंगची उसळी थोपवू शकत नाही.

बसवल्यावर शॉकअपच्या दांड्याला केबल टाय बांधतो आणि मालकाला त्याच्या नेहमीच्या रस्त्यावर पाठवतो. टाय बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या रबरी थांब्यापर्यंत, सरकला असेल तर अर्धा किलो वाढवतो. मध्ये जागा उरली असेल, तर मालकाने कितीही गळ घातली तरी वाढवत नाही.