साठ मतांचा गठ्ठा

२०२४च्या जूनमध्ये जर्मनीतल्या आमच्या स्टुटगार्ट शहरात महापालिकेची निवडणूक झाली. इथे महापालिकेच्या मतपत्रिका मतदानाआधीच घरी येतात, कारण त्या भरायला वेळ लागतो. साठ नगरसेवक निवडायचे असतात, म्हणून प्रत्येक मतदाराला साठ मतं. सगळी एकाच पक्षाला द्या, चार पक्षांच्या माणसांत वाटा, नाहीतर आवडत्या उमेदवाराला एकदम तीन द्या. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात या निवडणुकीला सोळाव्या वर्षीच मत देता येतं. आमच्या थोरलीची वर्गमैत्रीण तो गठ्ठा घेऊन आमच्याकडे आली आणि दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसल्या. मैत्रिणीला राजकारणात फारसा रस नव्हता. थोरली एकेक नाव वाचून सांगत होती: ही बाई सायकलच्या रस्त्यांसाठी भांडते, हा माणूस आपल्या भागातल्या शाळेच्या दुरुस्तीबद्दल बोलला होता, याला तीन दे. मैत्रीण आकडे लिहीत होती. दोघीही सोळा वर्षांच्या, जन्म एकाच शहरातला. एकीकडे साठ मतं होती आणि दुसरीकडे एकही नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक इटालियन कुटुंब राहतं. ते इथे येऊन थोडीच वर्षं झाली आहेत. पण युरोपीय संघाचे नागरिक म्हणून त्यांना महापालिकेचं मत आहे. स्टुटगार्टच्याच बाड कानश्टाट भागातल्या इस्पितळात जन्मलेल्या, इथल्याच बालवाडीपासून शिकलेल्या, भांडताना इथल्या श्वेबिश बोलीत भांडणाऱ्या माझ्या मुलीला मात्र ते नव्हतं. तिच्याकडे भारतीय पासपोर्ट होता.

जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा मूळचा १९१३चा, कैसरच्या काळातला. त्याचा पाया रक्ताचा: बाप जर्मन तर मूल जर्मन. आईकडूनही नागरिकत्व मिळू लागलं ते फार उशिरा. १९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून कारखान्यांसाठी माणसं आणली गेली. त्यांची मुलं इथे जन्मली, त्या मुलांनाही मुलं झाली, तरी कागदोपत्री सगळी परदेशीच राहिली. १ जानेवारी २०००पासून पहिल्यांदा जन्मभूमीला किंमत आली. आईवडिलांपैकी एकाचं इथे आठ वर्षं कायदेशीर वास्तव्य असेल आणि कायमचा निवासाचा हक्क असेल, तर इथे जन्मणारं मूल आपोआप जर्मन. २७ जून २०२४पासून आठाची पाच वर्षं झाली. ही सुधारणा मागच्यांना लागू नाही. थोरली २००८मध्ये झाली, तेव्हा आम्हाला इथे साडेपाच वर्षं झाली होती आणि कायमचा परवाना हातात होता. आज जन्मली असती तर पहिल्या श्वासापासून जर्मन असती.

तेव्हा तसं नव्हतं, म्हणून आम्ही भारतीय वकिलातीची वाट धरली. ३ डिसेंबर २००४नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर जन्माची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. इकडे जर्मन परदेशी-नागरिक कचेरीत बाळाच्या निवास परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. त्यासाठी आधी पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टसाठी फोटो. मान न धरणाऱ्या बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून, डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं असा क्षण पकडायचा. मग अंगठा. नवऱ्याने तिची मूठ अलगद उघडली, मी शाईच्या पॅडवर तिचा अंगठा टेकवला आणि चौकटीत उमटवला. ठसा मसुराच्या दाण्याएवढा आला. तो तिने दिलेला नव्हता, आम्ही घेतलेला होता. बाळाच्या बाबतीत दुसरा मार्गही नसतो. पण तिच्यासाठी एका देशाचं नाव आम्ही ठरवलं, हे मी कधी विसरले नाही.

धाकटी २०१५मध्ये झाली. या वेळी जन्मनोंदणी कचेरीने परदेशी-नागरिक कचेरीकडून आमच्या वास्तव्याची खातरजमा करून घेतली आणि पत्र आलं की आपली कन्या जन्माने जर्मन नागरिक आहे. अर्ज नाही, अंगठा नाही. तिला आम्ही भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढून दिलं, म्हणजे भारतात यायला व्हिसा लागत नाही. एकाच पोटच्या दोन मुली, पण देश वेगळे. लहानपणी त्यांना याचं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते थोरलीच्या वर्गाची लंडनची सहल ठरली तेव्हा. ब्रेक्झिटनंतर नियम बदलले होते. वर्गातली जर्मन मुलं पासपोर्ट बॅगेत टाकून निघणार. थोरली, एक सीरियन मुलगा आणि एक कोसोवोची मुलगी यांना आधी व्हिसाचा अर्ज, बोटांचे ठसे, फी. व्हिसा मिळाला, ती गेलीही. पण परत आल्यावर तिने विचारलं, "आई, त्यांना मी कोण वाटते?" धाकटी शेजारीच बसली होती. ताईला असं का विचारावंसं वाटतंय, हे तिला कळेना.

इथल्या आपल्या माणसांत मुलांच्या नागरिकत्वाचा विषय गणेशोत्सवात, वाढदिवसाला, कुठेही निघतो, आणि बोलणं बहुतेक सोयीवर येतं. कुठल्या पासपोर्टवर किती देश विनाव्हिसा, अमेरिकेला जाणं कसं सोपं, रांग कुठली लहान. सोय असतेच, तिला मी नावं ठेवत नाही. पण तेवढ्यासाठीच नागरिकत्व घ्यायचं असेल तर ते प्रवासाचं कागदपत्र झालं. ज्या गावात मूल वाढतं, तिथली शाळा, तिथला दवाखाना, तिथलं भाडं या गोष्टी ठरवणाऱ्यांत त्याचंही बोट असायला हवं. मुलाने कर भरायचा, कायदे पाळायचे आणि कायदे करणाऱ्यांना निवडताना बाजूला उभं राहायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. आईबाप स्वतःच्या मर्जीने परदेशात येतात, त्यांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. तिथेच जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत चालू नये.

थोरलीने मग स्वतःच ठरवलं. सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला इथे नागरिकत्वाचा अर्ज स्वतःच्या सहीने करता येतो. आम्ही तिच्यापुढे दोन्ही बाजू ठेवल्या. २०२४पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं. भारताला चालत नाही. १९५५च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्डावर भारतात कितीही राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र येऊ शकते. कराडजवळच्या आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर पुढे तिचं नाव लागेल का, ही सासूबाईंची पहिली शंका होती आणि तिचं निरसन झाल्यावर त्या शांत झाल्या. दुसरी शंका कायद्याने सुटणारी नव्हती. "मग आता ती पाहुणी म्हणून येणार का गं?" असं त्यांनी फोनवर विचारलं. थोरलीने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, मी मेमध्ये येतेय, महिनाभर. मला पोळ्या शिकव."

नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घेताना सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने राज्यघटना आणि कायदे पाळीन असं तोंडी सांगायचं असतं. तिने ते उभं राहून, न अडखळता सांगितलं. जुना पासपोर्ट वकिलातीत जमा करावा लागला. तो रद्दचा शिक्का मारून परत आला. त्यातल्या पानांवर मुंबई विमानतळाचे शिक्के आहेत, पहिला ती आठ महिन्यांची असतानाचा. तिने तो फेकला नाही आणि फ्रेमही केला नाही; इतर कागदांबरोबर कपाटात ठेवला.

८ मार्च २०२६ ही इथल्या राज्याच्या विधानसभेच्या निवडणुकीची तारीख. या निवडणुकीत पहिल्यांदाच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत, आणि पहिल्यांदाच प्रत्येकाला दोन मतं, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाच्या यादीला. मतदानाची सूचना थोरलीच्या नावाने आली. जेवताना ती बाबाला दोन मतांतला फरक समजावत होती आणि धाकटी मधेच प्रश्न विचारत होती. नवऱ्याने आता स्वतःचाही अर्ज भरायला घेतला आहे. मी अजून भरलेला नाही. शाळांवर कुठला पक्ष काय म्हणतो यावरून माझं आणि थोरलीचं रोज वाजतं. तिचं म्हणणं मला पटत नाही, आणि तिचं मत ती मला विचारून देणार नाही.