तोफेचा पल्ला आणि खांदेरीची रात्र

१/ रेवसच्या धक्क्यावर भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच लागते. समोर करंजा आणि मधून आत शिरणारी धरमतरची खाडी, जी अंबा नदीच्या मुखातून थेट नागोठण्याकडे जाते. किनाऱ्याने पश्चिमेस वळून मांडवा, किहीम ओलांडले की थळ येते आणि थळसमोर भर समुद्रात उंदेरी व खांदेरी ही दोन बेटे. तोफेने लढाई कशी जिंकली जाते, आणि कशी जिंकली जात नाही, हे शिकण्यास याहून चांगली शाळा क्वचितच सापडेल. 🧵

२/ प्रश्न खेळातून सुरू होतो. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या रणगाड्यांच्या लढतीत ‘गोळा’ म्हणजे बहुधा अवरक्त किरण असतो. किरण सरळ जातो आणि समोरच्या रणगाड्यावरील ग्राहकावर पडला की मार नोंदला जातो. रणगाड्यापुरते हे ठीक आहे. पण टेकडीआडून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करणाऱ्या तोफेचे काय? किरण टेकडी ओलांडत नाही. म्हणून तोफखान्यासाठी निराळे नियम रचावे लागतात आणि पंच नेमावा लागतो.

३/ ही अडचण जुनी आहे. १८२४ साली प्रशियात राइसवित्झ या अधिकाऱ्याच्या युद्धखेळात माऱ्याचा परिणाम फासे आणि पंच मिळून ठरवीत. १९१३ साली एच. जी. वेल्स याने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेला शिस्त लावली : एका डावात तोफ एक तर हलेल किंवा डागली जाईल, दोन्ही नाही, आणि तिच्याजवळ किमान चार सैनिक नसतील, तर ती मुकी राहील. या साध्या नियमांत तोफेचे मर्म आले आहे. तोफ जड असते, आणि माणसांवाचून ती निव्वळ लोखंड असते.

४/ आता १६७९ सालात यावे. त्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी याने खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. तेथे किल्ला उभा राहिला, तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर मराठ्यांची नजर राहणार, हे मुंबईच्या इंग्रजांनी तत्काळ ओळखले आणि काम रोखण्यासाठी गलबते धाडली. सप्टेंबरात थॉर्प नावाचा अधिकारी बेटावर उतरू पाहताना मारला गेला.

५/ १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार इंग्रजांवर चालून आले. ‘डव्ह’ ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. मात्र ‘रिव्हेंज’ या लढाऊ जहाजावर मिंचिन आणि केग्विन टिकून राहिले. त्यांच्या तोफांनी मराठ्यांची काही गलबते बुडवली आणि उरलेले आरमार नागोठण्याच्या खाडीच्या तोंडाकडे मागे हटले. म्हणजे याच रेवसच्या पाण्याकडे. उथळ पाण्यात, वाळूच्या दांड्यापलीकडे, मोठ्या जहाजाला त्यांच्या मागे जाता येईना.

६/ केवळ तोफांचे गुण मोजणारा खेळ इथे थांबला असता आणि विजय ‘रिव्हेंज’च्या नावे लागला असता. प्रत्यक्षात वेढा सुरूच राहिला, आणि खांदेरीला अन्न, दारूगोळा व माणसे पोहोचतच राहिली. वल्ह्यांवर चालणारी हलकी गलबते अंधारात किनाऱ्याहून निघत आणि पहाटेपूर्वी परतत. वारा पडला की शिडांचे जहाज जागीच खिळे, पण वल्ह्यांना वाऱ्याची गरज नव्हती.

७/ त्या काळची तोफ गुळगुळीत नळीची होती आणि तिचा नेम गोलंदाजाच्या डोळ्यावर अवलंबून होता. हेलकावणाऱ्या डेकवरून तर तो काही शे हातांपलीकडे भरवशाचा राहत नसे. जे दिसत नाही, त्यावर तिला मारा करता येत नव्हता. गंमत अशी की, टेकडीआडच्या तोफेसाठी जो अवरक्त किरण अपुरा पडतो, तोच सतराव्या शतकातील तोफेचे रूप फार प्रामाणिकपणे दाखवतो : सरळ रेषा, उघडे लक्ष्य आणि उजेड. अंधार पडला की तोफेचा अंमल संपला.

८/ पुढे सिद्दीही मोगलांच्या बाजूने या पाण्यात उतरला. जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारच्या उंदेरीवर तळ ठोकला आणि दोन बेटे एकमेकांवर तोफा डागू लागली. इंग्रजांनी मात्र वेढा आवरून महाराजांशी समेट केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. पुढे १७१८ साली, कान्होजी आंग्र्यांच्या काळात, इंग्रजांनी तिच्यावर पुन्हा हल्ला केला. तोही फसला.

९/ नियम रचणारा माणूस नकळत इतिहासकाराचे काम करत असतो. तो जे मोजतो, ते पटावर उरते. जे मोजत नाही, ते घडलेच नाही असे होते. तोफेला दहा गुण आणि वल्हेकऱ्याला शून्य दिले, तर खांदेरी पहिल्याच डावात पडते, आणि खेळणाऱ्या मुलाला ती चार महिने का टिकली हे कधीच उमगत नाही.

१०/ म्हणून कोणी हा संग्राम पटावर वा पाण्याच्या टाकीत मांडणार असेल, तर चार नियम अवश्य घालावेत. तोफ फक्त दिसणाऱ्या लक्ष्यावर डागली जाईल. डावांपैकी निम्मे डाव रात्रीचे असतील. वाऱ्याचा फासा पडल्याखेरीज शिडाचे जहाज हलणार नाही. आणि बेटावरचे धान्य दर डावाला कमी होत जाईल. मग खेळणाऱ्याची नजर आपोआप तोफेवरून त्या छोट्या गलबताकडे वळेल, जे भाताच्या गोण्या घेऊन अंधारात थळच्या किनाऱ्यावरून निघाले आहे.