लाँग ड्राइव्ह, खारा वारा आणि गाडीतला आवाज

वीकेण्ड आला की मुंबईतली निम्मी ऑफिसं रायगडच्या किनाऱ्याकडे धावत सुटतात. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, सनरूफ विचारतो, स्क्रीन किती इंचाची तेही विचारतो. पण आवाज? शोरूममध्ये तो कोण ऐकतं! तो पहिल्यांदा नीट ऐकू येतो वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर.

माझी गाडी सहा वर्षांची. स्क्रीनचा टच पार मेला होता आणि आवाज रजई पांघरल्यासारखा. गाण्यांचं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण आईचं माहेर श्रीवर्धन, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची जुनी कॅसेट मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. आजी जाऊन पंधरा वर्षं झाली. आईने गाडीत दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, ‘बंद कर रे. शब्दच कळत नाहीत. ही आमची आई वाटतच नाही.’ झालं, काम काढायचं ठरलं.

स्क्रीन नवी, कपलर हवाच

कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा लॅमिंग्टन रोड, कुठेही गेलात तरी दुकानदार आधी दहा इंची स्क्रीन दाखवणार. जुन्या गाड्यांत सोपं होतं. डबल-डिनचा ठरलेला खण, १८० बाय १०० मिलिमीटर, त्यात कुठलाही सेट बसायचा. आता प्रत्येक मॉडेलची वेगळी फ्रेम लागते. स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा चालू राहावा म्हणून बऱ्याच गाड्यांना कॅन-बसची छोटी डबीही लागते. आणि कंपनीची वायर कापून जोड मारणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा! कपलरला कपलर जोडला की उद्या जुना सेट परत बसवता येतो आणि वॉरंटीची भांडणंही टळतात.

खोक्यावरच्या ‘५० वॉट गुणिले ४’ला तर अजिबात भुलू नका. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर नेहमीच्या ४ ओहमच्या स्पीकरला सेटमधून वीसेक वॉटच स्वच्छ मिळतात. बाकीचे आकडे खोक्याच्या शोभेचे.

कार्लेखिंडीत ‘कुईंऽऽ’

नवी स्क्रीन बसवून पुढच्याच शनिवारी आईला घेऊन निघालो. अटल सेतू, पेण, वडखळ, पोयनाड... सगळं झकास. कार्लेखिंडीचा चढ लागला, गिअर खाली टाकला आणि स्पीकरमधून ‘कुईंऽऽ’! ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर, सोडला की खाली. जणू मागच्या सीटवर कोणी शिकाऊ सनईवाला बसलाय.

अलिबागला मिसळ येईपर्यंत एका ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली. त्याने सेट बाहेर ओढला आणि हसलाच. ‘साहेब, रंगावर अर्थिंग लागतं का कधी?’ अर्थिंगची काळी वायर रंगवलेल्या पट्टीवर कसलेली होती. त्याने पॉलिश पेपरने रंग घासला, खाली कोरा पत्रा काढला आणि स्क्रू पुन्हा आवळला. दहा मिनिटांत सनई बंद.

गंमत म्हणजे अशाच कटकटीमुळे अलिबागला एक अख्खी वेधशाळा आली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा करंट रुळांतून परत जातो, वाटेत थोडा जमिनीतही झिरपतो आणि नाजूक चुंबकीय नोंदी बिघडवतो. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवलं गेलं. नवी वेधशाळा १९०४मध्ये सुरू झाली, तीही लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. १९०६पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन ताळा जमवला गेला आणि १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. भारतीय भूचुंबकत्व संस्था ही वेधशाळा आजही चालवते.

गाडीतही तेच घडतं. करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. त्या वाटेवर एखादा जोड कच्चा असला की अल्टरनेटरची थरथर गाण्यात शिरते.

काशीदला दार बोललं

रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लईचा किल्ला मागे पडला आणि काशीदला सुरूच्या सावलीत गाडी उभी केली. इंजिन बंद, काचा वर, ओव्या सुरू. आता ‘कुईं’ नव्हती, पण आजी अजून रजईतच. दारावर तळहात ठेवला तर पत्रा थरथरत होता. म्हणजे दोष दारात होता!

कंपनीचा स्पीकर बहुतेक वेळा कागदी कोनचा, तोंड गुडघ्याकडे. दार म्हणजे भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. त्यात हा खारा वारा! कागद दमट होतो, टर्मिनलवर हिरवा थर चढतो. स, श, च यांची धार वरच्या पट्टीत असते आणि तीच आधी गुडघ्यापाशी हरवते. मग शब्द कसे कळणार?

पुढच्या आठवड्यात मुंबईत पुढच्या दोन दारांचं काम केलं. नवे कंपोनंट स्पीकर, कानाच्या उंचीला ट्वीटर, पत्र्यावर ब्युटिलचं डॅम्पिंग, भोकं बंद. सबवूफरला रजा. सगळं मिळून स्क्रीनच्या निम्म्या पैशांत.

त्यानंतरच्या फेरीत आगरदांड्याला दिघीच्या फेरीबोटीची वाट बघत होतो. आईने स्वतःच पेनड्राइव्ह लावला. ओवी मधेच तुटली, पुन्हा सुरू झाली. आई म्हणाली, ‘ती चुकली नाहीये रे. जात्यात दाणे टाकायला थांबलीय.’ मागची घरघर मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. बोट दिघीला लागेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

खिशाला हात घालण्याआधी

पार्किंगमध्येच तीन गोष्टी करून बघा. एक, तेच गाणं ब्लूटूथवर आणि मग केबलने लावा. ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतं, कधीकधी दोष तिथेच असतो. दोन, इंजिन बंद ठेवून ऐका, मग चालू करून रेस करा. सूर चढला तर अर्थिंग बघा. तीन, बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग मधे आणा. मधे आणल्यावर ढोल बारीक झाला तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे आहेत. वायर अदलाबदल केली की झालं, खर्च शून्य.

आणि मंडळी, दिवेआगर-श्रीवर्धनच्या आळ्या अरुंद, सुपारीच्या वाड्यांतली घरं अगदी रस्त्याला लागून. दुपारी अख्खं गाव झोपलेलं असतं. तिथे काचा खाली करून ‘धडाम धडाम’ नको. व्हॉल्यूम आठवर ठेवूनही शब्दन्‌शब्द कळला तरच सिस्टिम चांगली म्हणायची!