राडारोडा

छप्पर बदलायचे ठरले तेव्हा बाबांनी वहीत खर्चाचा अंदाज मांडला. लोखंडी अँगल, रंगीत पत्रे, सुतार, वेल्डिंगवाला, मजुरी असे सगळे झाल्यावर अगदी तळाशी त्यांनी एक ओळ लिहिली, ‘ट्रॉली, २ खेपा’. घर बांधताना आपण मुहूर्त पाहतो, नारळ फोडतो. घर उतरवताना निघालेल्या मालाला मात्र वहीच्या तळाशी एवढीच जागा मिळते. माझे हे लेखन त्या एका ओळीविषयी आहे. पत्र्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ते निळे आहेत आणि पावसात त्यांच्याखाली बोललेले ऐकू येत नाही.

आमचे घर सांगलीच्या जुन्या भागात, एका ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढच्या दोन खोल्यांवर मंगलोरी कौले आणि मागच्या खोलीवर माळवद. दरवर्षी पावसाआधी शाकारणी व्हायची. ते काम जाणणारी माणसे हळूहळू दिसेनाशी झाली, वाशांना वाळवी लागली आणि आजीच्या अंथरुणाशेजारी पातेले ठेवायची वेळ आली. ही कौले आपल्याकडे इतकी रुळली, की ती इथलीच वाटतात. प्रत्यक्षात बाझेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला आणि तिथून ती पश्चिम किनाऱ्यावर व पुढे घाटावर पसरली. एकेक कौल दोन-अडीच किलोचे. आमच्या छपरावर अकराशेच्या आसपास होती. म्हणजे अडीच-तीन टन ओझे इतकी वर्षे आमच्या डोक्यावर होते आणि आम्ही खाली निवांत जेवत होतो!

माळवदाचा हिशेब वेगळा. दहा बाय बाराची खोली आणि वर फूटभर पांढरी माती. म्हणजे एकशेवीस घनफूट. शंभर घनफुटांची एक ब्रास. उकरलेली माती फुगते, तेव्हा दीड ब्रास धरावी. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण ब्रासभर माल घेते. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने फोनवर सांगितले, की तिकडे अशा कामाला दारात एक भलीमोठी लोखंडी पेटी भाड्याने आणून ठेवतात. तिला डंपस्टर म्हणतात. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावच्या डेम्पस्टर बंधूंच्या नावावरून तो शब्द निघाला. तिथली लहान पेटी दहा घनयार्डांची, म्हणजे आपल्या पावणेतीन ब्रास. भरून झाली की गाडी येते आणि पेटी उचलून नेते. “मग ते नेऊन टाकतात कुठे?” असे मी विचारले. ते त्याला ठाऊक नव्हते. भाड्यात ते येत असावे.

आमच्या ट्रॉलीवाल्याने मात्र तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला आम्हालाच घातला.

“मालक, टाकायचं कुठं?”

“तुम्ही कुठं टाकता?” बाबांनी विचारले.

“ओढ्याच्या कडंला. समदे तितंच टाकत्यात.”

तो खोटे बोलत नव्हता. ओढ्याच्या दोन्ही काठांवर फुटक्या विटा, फरश्या, संडासाची भांडी यांचे ढीग आहेत. राडारोडा रस्त्यावर किंवा नाल्यात टाकू नये, असे नियम केंद्र सरकारने २०१६ साली काढले. ते ढिगांपर्यंत पोहोचलेले दिसत नाहीत.

आजी उंबऱ्यात बसून ऐकत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या घरात नदी समोरून आली नाही. ती ओढ्यातून उलटी वर चढली आणि मागच्या दाराने आत शिरली. भिंतीवर पाण्याची रेघ रंगाच्या दोन हातांखालूनही अजून दिसते. आजी एवढेच म्हणाली, “ओढ्यात माझ्या घरची एक खापरी जायची नाही.”

ट्रॉलीवाला खोळंबला. भाडे खेपेवर, त्यामुळे त्याचा जीव वर-खाली होत होता. बाबा बराच वेळ वाश्यांकडे पाहत उभे राहिले आणि मग शेजारच्या नानांच्या फाटकाशी गेले. इथे सांगायला हवे, की या दोघांत नऊ वर्षे बोलणे नव्हते. कारण आमचे छप्परच. पावसात आमच्या पागोळ्या नानांच्या अंगणात पडत आणि त्यांची भिंत ओलावत असे. पण पुरानंतर नानांनी घराचे जोते दोन फूट उंच करायला काढले होते. आमच्याकडची काळी माती जोत्यात चालत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम विकत आणावा लागतो.

“नाना, भराव लागेल का?”

नाना थोडा वेळ गप्प राहिले. “कसला आहे?”

“माळवदाची माती. आणि फुटकी कौलं.”

“लाकडाचा तुकडा राहता कामा नये त्यात. वाळवी माझ्या घरात यायची.”

मग दोन दिवस आम्ही राडारोडा निवडला. कितीतरी माल टाकायचा नव्हताच, हे निवडतानाच कळत गेले. साडेसहाशे कौले धड निघाली. ती एका ओळखीच्या शेतकऱ्याने गोठ्यासाठी नेली. तुळया सागवानी निघाल्या, त्यांना गिऱ्हाईक मिळाले. वाळवी लागलेले वासे बंबाच्या कामी आले. माती चाळून घमेल्याघमेल्याने फाटकातून पलीकडे गेली आणि धुम्मसाखाली कौलांचे तुकडे कडकड वाजू लागले. ट्रॉली एकच खेप फिरली, तीही गोठ्यापर्यंत. नव्या पत्र्याला नानांच्या बाजूने पन्हळ बसवायची, हे त्याच दिवशी ठरले. कोणी ठरवले ते मला सांगता येणार नाही.

शिल्लक राहिले पडवीवरचे चार सिमेंटचे पत्रे. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि फोडल्यावर उडणारी धूळ फुफ्फुसाला घातक, म्हणून ते पाणी मारून अखंडच उतरवले. शेतकरी ते नेईना, भंगारवाला हात लावीना, नाना भरावात घेईनात. सध्या ते मागच्या भिंतीला टेकून, गोणपाट पांघरून उभे आहेत. आजी त्यांच्याजवळ कोणाला खेळू देत नाही. बाबांनी पालिकेच्या कचेरीत दोनदा अर्ज दिला आहे आणि वहीत त्या तळाच्या ओळीपुढची जागा अजून रिकामी ठेवली आहे.