शब्द न देणारा मित्र

डोंगरउतारावर पसरलेला बर्फ मी आजवर पाहिलेला नाही. तरीही अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘क्रॉस-कंट्री स्नो’ ही लघुकथा मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. १९२५ साली निघालेल्या ‘इन अवर टाइम’ या संग्रहातील ही मोजक्या पानांची कथा. निक आणि जॉर्ज हे दोन अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडच्या डोंगरात स्कीइंग करतात, वाटेतील खाणावळीत घटकाभर बसतात आणि परतीला लागतात. घडते ते एवढेच.

आरंभी निक उतारावरून सुसाट निघतो आणि भुसभुशीत बर्फात कोलमडतो. मागून जॉर्ज येतो तो ‘टेलिमार्क’ पद्धतीने, म्हणजे एक पाय गुडघ्यात वाकवून पुढे, दुसरा मागे, जणू गुडघा टेकूनच घसरत. निकला हे वळण घेता येत नाही. त्याचा पाय साथ देत नाही. पायाला काय झाले ते लेखक सांगत नाही. हेमिंग्वे स्वतः १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर पायांना जखमी झाले होते, हे ठाऊक असलेला वाचक काय ते ओळखतो. निक मात्र कुरकुर न करता आपल्याला जमेल त्या पद्धतीने वळतो. मनुष्याच्या मर्यादेविषयी इतक्या कमी शब्दांत इतके सांगितलेले मी क्वचितच वाचले आहे.

पुढे खाणावळ. (तेथे ते मद्य मागवतात. आपल्या घरांतील वाचकाला ते खटकेल, पण तेवढ्यासाठी पुस्तक मिटू नये.) वाढणारी मुलगी गर्भवती आहे, हे निकच्या जरा उशिराने ध्यानात येते. मग बोलण्याच्या ओघात कळते की त्याची पत्नी हेलन हिलाही मूल होणार आहे आणि त्यांना अमेरिकेला परतावे लागेल. जॉर्जला तर त्याच रात्री मोंत्रोहून गाडी पकडायची आहे, शिक्षणासाठी. तुला आनंद झाला आहे का, असे जॉर्ज विचारतो. निक होकार देतो, पण तो आनंद आताचा आहे, प्रथमपासूनचा नव्हे, हेही त्या उत्तरातून उमगते. हेमिंग्वे दांपत्यही मोंत्रोच्या वरच्या शांबी गावी हिवाळ्यात राहिले होते, आणि १९२३ च्या ऑक्टोबरात त्यांना पहिला मुलगा झाला. कथेत बाळाविषयी तक्रारीचा शब्द नाही, पत्नीविषयीही नाही. दोष कुणाचाच नाही. दिवस तेवढे बदलले आहेत.

पुन्हा स्कीइंगला येण्याचे वचन एकमेकांना देता आले तर बरे होईल, असे जॉर्जला वाटते. वचन देण्यात काही अर्थ नाही, असे निक सांगतो.

प्रथम वाचताना निक मला कोरडा वाटला. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्याला शब्द देणे आणि तो पाळणे याहून मोठे काय? मग सांगलीचा माझा बालमित्र आठवला. कृष्णेत आम्ही दोघे पोहत असू. हरिपूरच्या संगमापर्यंत पोहत जायचे, हा आमचा बेत. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी त्याचे वडील अकस्मात गेले आणि तो हळदीच्या आडतीच्या गादीवर बसला. मी नोकरीसाठी पुण्यास आलो. दर दिवाळीला मी त्याच्याकडून शब्द घेई, “या उन्हाळ्यात नक्की.” तो देई. हळदीचे सौदे ऐन उन्हाळ्यातच भरात असतात, हे मला माहीत नव्हते असे नाही. एका वर्षी चारचौघांत मी त्याला ‘शब्दाचा कच्चा’ म्हणालो. पेढीवर बसणाऱ्याला याहून जिव्हारी लागणारे दुसरे काय असेल! तो हसला होता, आणि पुढे बरीच वर्षे आमचे बोलणे तुटक राहिले.

गेल्या महिन्यात त्याच्या पेढीवर गेलो. आधी त्या शब्दाची क्षमा मागितली, मग ही कथा सांगितली. हातातला हळकुंडाचा नमुना मोडून पाहत त्याने शांतपणे ऐकले.

“मग गेले का रे ते दोघे परत?”

“ते कथेत नाही. शेवटी दोघे स्की उचलून घराकडे निघतात. घरापर्यंतचा उतार अजून बाकी असतो.”

“म्हणजे तेवढे तरी मिळाले त्यांना,” तो म्हणाला. मग मुलाला गल्ल्यावर बसवून त्याने चपला पायांत घातल्या. आम्ही घाटापर्यंत चालत गेलो.